त्याचं डावं, आपलं उजवं

कॉलेजात तिचं खरं नाव फक्त हजेरीपटाला ठाऊक होतं. बाकी सगळ्यांची ती बरणीमावशी. जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत दोनशे चौदा बरण्या होत्या आणि गेली बावीस वर्षं त्या तिच्याच हाताखाली होत्या. आठवड्यातून एकदा प्रत्येक बरणी खाली काढायची, पुसायची, झाकणाभोवतीचं मेण तपासायचं, आतलं फॉर्मॅलिन कमी झालं असेल तर वर भर घालायची आणि आतल्या प्राण्याचं तोंड दाराकडे करून ती जागेवर ठेवायची. तोंड दाराकडेच का, असं कोणी विचारलं तर ती म्हणे, येणाऱ्याकडे पाठ करून बसणं बरं दिसत नाही.

कामाला लागली तेव्हा बरण्यांवरची नावं तिला वाचताच येत नव्हती. ती नावं होती परक्या भाषेतली, जिभेला पीळ पाडतील अशी. म्हणून तिनं आपलीच ठेवली. पट्टकृमीला ती फीत म्हणे. पोट उघडून टाचण्यांनी पसरलेला बेडूक होता, त्याला म्हणे शर्टाची बटणं लावायची राहिलेला. पुढे तिच्या नवऱ्यानं, तो दुकानांच्या पाट्या रंगवायचा, सगळ्या बरण्यांना सुवाच्य मराठी चिठ्ठ्या करून दिल्या आणि मावशी हळूहळू खरी नावं शिकली. बेडूक मात्र बटणंवालाच राहिला.

या सगळ्यांत मान एकाचाच. कोपऱ्यात, भिंतीपासून हातभर सोडून, तीन बाजूंनी काचेचं, मागूनही उघडणारं, उंच आणि अरुंद कपाट होतं आणि त्यात माणसाचा सांगाडा टांगलेला होता. त्याला सगळे पाहुणे म्हणत, कारण एकदा आले ते गेलेच नाहीत. नोंदवहीत त्यांच्याबद्दल 'सांगाडा, पुरुष, एक' एवढंच लिहिलेलं होतं. कोण, कुठला, कशानं गेला, काही नाही. मावशी त्यांना अहो-जाहो करी. नवीन मुलं हसत, मग आठवडाभरात तीही अहो-जाहो करू लागत.

आणि आता मावशीवरच जायची वेळ आली होती. खात्याचा नवा नियम निघाला होता. जीवशास्त्राची परीक्षा पास नसेल त्यानं प्रयोगशाळेत काम करायचं नाही, बरणीला हातसुद्धा लावायचा नाही. जे आधीपासून आहेत त्यांना एक संधी, एकदाच. पास झालात तर सहायक व्हाल आणि इथेच राहाल. नापास झालात तर पुढच्या महिन्यापासून इमारतीमागच्या गोदामात, जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे मोजत. मावशीला पन्नास पूर्ण व्हायला तीन महिने होते आणि पन्नाशीनंतर ती एक संधीही नव्हती.

लेखी परीक्षा तिनं कशीबशी पार केली होती. उरली होती तोंडी. ती उद्या सकाळी नऊ वाजता, याच प्रयोगशाळेत होती. बाहेरच्या परीक्षक येणार होत्या.

मावशीचं घोडं एकाच ठिकाणी अडत होतं. डाव्या-उजव्यापाशी. पुस्तकातला माणूस आपल्याकडे तोंड करून उभा असतो. त्यामुळे त्याचं हृदय, त्याचं यकृत, त्याचं सगळंच आपल्याला उलट्या बाजूला दिसतं. विभागाच्या मॅडमनी हे तिला चार वेळा समजावलं होतं. त्याचं डावं ते आपलं उजवं, मावशी, एवढंच लक्षात ठेवा. मावशी मान डोलवी, वही मिटे आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. स्वतःचं डावं-उजवं तिला झोपेतही कळत होतं. पण समोर दुसरं माणूस उभं राहिलं की तिचं गणित फसायचं.

घरी अभ्यास होणं शक्य नव्हतं. नवऱ्याला आता कमी ऐकू येई, त्यामुळे तो टीव्ही एवढा मोठा लावी की बातम्या शेजारची गल्ली ऐकत असे. शिवाय या वयात हा काय खुळेपणा, असं त्याचं स्पष्ट मत होतं आणि तेही तो टीव्हीच्या वर आवाज चढवून सांगे. तेव्हा मावशीनं मॅडमची परवानगी काढली. उद्यासाठी टेबलं पुसायची होतीच, मायक्रोस्कोप मांडायचे होते, रात्री तिथेच बसते म्हणाली. पहारेकऱ्यानं दहाला तिला आत सोडलं, बाहेरच्या फाटकाला कुलूप लावलं आणि काही लागलं तर फोन करा म्हणून आपल्या खोलीत गेला.

बावीस वर्षांत ती रात्री इथे कधी थांबली नव्हती. दिवसा ही खोली मुलांच्या गलक्यानं भरलेली असे. आत्ता एकच दिवा चालू होता आणि त्याचा उजेड बरण्यांच्या पहिल्या रांगेपर्यंत पोचून तिथेच थांबत होता. मागच्या रांगांमधून नुसत्या आकृत्या दिसत होत्या, सगळ्यांची तोंडं दाराकडे, म्हणजे दारापाशी बसलेल्या तिच्याकडे. ही व्यवस्था आपणच केली हे आठवून मावशीला जरा पश्चात्ताप झाला. तिनं स्टूल फिरवून बरण्यांकडे पाठ केली. मग पाठीला कसंसंच वाटू लागलं, म्हणून पुन्हा फिरवलं.

ती पुस्तक मिटून मोठ्यानं म्हणत अभ्यास करी. डोळ्यांपेक्षा तिचा कानावर भरवसा होता. ही सवय तिला दादांनी लावली होती.

दादा म्हणजे इथले जुने सहायक. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली. मावशी लागली तेव्हा ते पंचेचाळीसचे होते, उंच, अबोल आणि हट्टी. हट्टी म्हणजे किती, तर समोरच्याची चूक ते कधी तोंडानं सांगत नसत. पहिल्याच दिवशी त्यांनी तिला बजावलं होतं की मी चूक दाखवणार नाही, मी फक्त टकटक करीन, चूक आपली आपण शोधायची. आणि टकटक तरी कुठली, एकच टक्. हातातल्या किल्लीनं टेबलावर, फळीवर, बरणीवर, जिथे चूक असेल त्याच्या जवळ. एकदा वाजवायचं, तिच्याकडे पाहायचं आणि निघून जायचं. झाकण तिरकं बसलं, टक्. स्लाईड उलटी ठेवली, टक्. सुरुवातीला मावशी घरी जाऊन रडत असे. मग तिला त्याची सवय झाली आणि पुढे पुढे तो आवाज आला नाही की आपण आज बरं काम केलं असं तिला समजू लागलं. शाबास म्हणणं त्यांच्या कोशात नव्हतं. टक् न करणं हीच त्यांची शाबासकी.

साडेअकराच्या सुमाराला मावशी हृदयापाशी आली. भिंतीवरच्या तक्त्याकडे पाठ करून ती म्हणू लागली की हृदयाचे चार कप्पे, वर दोन अलिंद, खाली दोन निलय, आणि अशुद्ध रक्त येतं ते डाव्या अलिंदात.

कोपऱ्यातून आवाज आला. टक्.

मावशी थांबली. पाल असेल, ती स्वतःशी म्हणाली. पालींना इथे काही तोटा नव्हता. तिनं पुढचं पान घेतलं. रक्ताचे घटक म्हटले, पचनसंस्था म्हटली, दातांची संख्या म्हटली. सगळं बिनचूक आलं आणि खोलीत कुठे काही वाजलं नाही. मग मूत्रपिंडं आली. ती म्हणाली, उजवं मूत्रपिंड वर असतं आणि डावं जरासं खाली.

टक्.

या वेळी तिनं पुस्तक उघडून पाहिलं. उजवं खाली असतं, डावं वर. यकृताला जागा लागते म्हणून उजव्याला खाली सरकावं लागतं. ती चुकली होती. तिनं मागची पानं उलटली. अशुद्ध रक्त उजव्या अलिंदात येतं. तिथेही चुकली होती.

मावशीच्या अंगावर सरसरून काटा आला. ती काही भित्री बाई नव्हती. जिनं मेलेल्या सापाचं तोंड कापसानं पुसलं आहे ती कशाला भिणार? पण आत्ता तिनं पुस्तक मिटून छातीशी धरलं. पहारेकऱ्याला फोन करावा असं तिच्या मनात आलं. पण त्याला सांगणार काय? की माझं उत्तर चुकलं की कोणीतरी टक् करतं? उद्या परीक्षेआधीच सगळ्या कॉलेजात तिचं हसं झालं असतं.

तिनं मुद्दाम सोपं म्हटलं. माणसाला दोन फुफ्फुसं. काही वाजलं नाही. उजव्या फुफ्फुसाचे खंड... तिला आठवेना. दोन, ती म्हणाली, आणि डाव्याचे तीन.

टक्. आणि त्याच क्षणी खोलीतला जुना फ्रिज घरघर करत सुरू झाला.

मावशीनं सुटकेचा निःश्वास सोडला. अगं बाई, फ्रिज. जंतू वाढवलेल्या कल्चरच्या बाटल्या ठेवायचा तो फ्रिज पाहुण्यांच्या कपाटाला चिकटून होता. त्याची मोटर सुरू होताना म्हाताऱ्यासारखी दचकायची, त्याबरोबर कपाट हलत असणार आणि आतलं काहीतरी काचेवर आपटत असणार. आधीच्या दोन्ही वेळांना मोटर सुरू झाली होती का, हे तिला आठवत नव्हतं. झालीच असेल, तिनं ठरवून टाकलं. पण काय आपटतंय ते पाहून बंदोबस्त करायला हवा होता, नाहीतर रात्रभर अभ्यास झाला नसता. तिनं टॉर्च घेतला, किल्ली घेतली आणि कपाटापाशी गेली.

टॉर्चच्या उजेडात पाहुणे जसे नेहमी असत तसेच होते. डोक्यातल्या कडीला लोंबकळत, पाय जमिनीपासून वीतभर वर, तोंड खोलीकडे. सगळेजण पाहत ते त्यांच्या कवटीकडे. मावशीनं आज पहिल्यांदाच त्यांच्या हातांकडे नीट पाहिलं. हातांची बोटं किंचित वाकलेली होती, आणि ती बाहेरच्या बाजूला वाकलेली होती. एका हाताचं मधलं बोट बाजूच्या काचेला टेकलेलं होतं. टक् तिथूनच येत होतं.

ती काचेवर हात ठेवून उभी राहिली. काहीतरी बरोबर नव्हतं, पण काय ते तिला उमगेना. मग तिनं टॉर्च फ्रिजवर ठेवला, पाहुण्यांकडे पाठ केली, त्यांच्यासारखीच ताठ उभी राहिली आणि आपले हात सोडले. तिचे तळहात मांड्यांकडे होते. बोटं आत वळलेली, मांडीला टेकलेली. तिनं वळून पाहिलं. पाहुण्यांचे तळहात बाहेर होते, दोन्ही बाजूंच्या काचांकडे. गर्दीतला माणूस दोन्हीकडच्या लोकांना ढकलत उभा असतो, तसे.

तिनं कपाट उघडलं. पंजा मनगटापाशी तारेच्या आकड्यानं अडकवलेला होता. आकड्यात एक कागदाची चिठ्ठी दोऱ्यानं बांधलेली होती, पिवळी पडलेली. पाहुण्यांच्या डाव्या मनगटाशी होती ती, आणि तिच्यावर लिहिलं होतं 'डा'. अक्षर मावशीचंच होतं.

तिनं फ्रिजवरचा टॉर्च उचलून चिठ्ठीजवळ धरला.

अकरा वर्षांपूर्वी छत गळून पाहुण्यांच्या अंगावर गंज आणि पाणी आलं होतं. दादा आठवड्याच्या रजेवर होते. मावशीनं आपल्या हुशारीनं पाहुण्यांना खाली काढलं, पंजे सोडवले आणि अदलाबदल होऊ नये म्हणून प्रत्येकाला चिठ्ठी बांधली. चिठ्ठ्या बांधताना ती त्यांच्या समोर उभी होती. आपल्या डाव्या हाताला आला तो पंजा 'डा', उजव्या हाताला आला तो 'उ'. सगळं धुतलं, वाळवलं, पॉलिश केलं. परत जोडताना कपाट मागून उघडावं लागलं होतं, म्हणून ती त्यांच्या मागे उभी होती. आपल्या डावीकडे 'डा' लावला, उजवीकडे 'उ' लावला. काळजी घेतली म्हणूनच चुकलं. चिठ्ठ्या बांधल्या नसत्या तर कदाचित डोळ्यांनी पाहून बरोबर लावले असते.

अकरा वर्षं हा माणूस दुसऱ्या हाताचे पंजे लावून उभा होता आणि शेकडो मुलं त्याच्यासमोर बसून हाडं शिकली.

आणि मग मावशीला दुसरी गोष्ट आठवली, ती आठवली नसती तर बरं झालं असतं. रजेवरून आल्यावर दादा कपाटापाशी गेले होते. बराच वेळ पाहत राहिले. मग त्यांनी बाजूच्या काचेवर, खाली, हाताच्या उंचीला, किल्लीनं वाजवलं. टक्. तिच्याकडे पाहिलं आणि निघून गेले. मावशीनं जाऊन पाहिलं तर काचेवर बोटांचे ठसे होते. तिनं फडकं घेतलं आणि काच लख्ख पुसली. दुसऱ्या आठवड्यात पुन्हा टक्. पुन्हा तिनं पुसली. पाच वर्षं हे चाललं. दादा वाजवत, मावशी पुसत असे. म्हाताऱ्याला काचेचं वेड लागलंय, असं ती घरी नवऱ्याला सांगायची आणि दोघं हसायची.

शेवटी दादा दवाखान्यात होते, वाचा गेलेली. मावशी भेटायला गेली तेव्हा त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि खाटेच्या लोखंडी दांडीवर नखानं एकदा वाजवलं. तिला वाटलं, पाणी हवंय. तिनं चमच्यानं पाणी पाजलं. त्यांनी डोळे मिटले. ती शेवटची भेट.

मावशी कपाटासमोर फरशीवर बसली आणि रडली. अहो, एकदा तोंडानं सांगितलं असतं तर काय तुमची जीभ झिजली असती, असं ती मोठ्यानं म्हणाली, आणि तिला खरंच राग आला होता. बरण्यांमधली सगळी तोंडं दाराकडेच पाहत होती.

मग ती उठली. वेळ बाराच्या पुढे गेली होती आणि अजून अर्धं पुस्तक बाकी होतं. पण पुस्तकाचं तिला आता काही वाटत नव्हतं. तिनं पक्कड आणली, स्टूल आणलं आणि पाहुण्यांच्या पंजाचा आकडा वाकवायला घेतला. तार जुनी होती, गंजानं आवळलेली. हाडं थंडगार होती. एक पंजा सुटला तेव्हा तिनं तो आपल्या तळहातावर घेतला, आणि तो एवढा हलका होता की तिला पाहुण्यांची दया आली. कोणाच्या तरी डोक्यावरून फिरलेला हात असेल हा. कोणाला तरी बोट धरून नेलेला. आकडा सोडवता सोडवता ती मोजत गेली. मनगटाची आठ, तळहाताची पाच, बोटांची चौदा. एका पंजात सत्तावीस. दुसराही मोजला, सत्तावीस. आता आपण कुठे उभ्या आहोत हे ती प्रत्येक वेळी थांबून तपासत होती. मी समोर आहे. यांचं डावं माझ्या उजवीकडे. ती मागे गेली. मी मागे आहे. यांचं डावं माझ्याही डावीकडे. चार वेळा पुढून मागे गेली आणि चौथ्या वेळी तिला जाणवलं की आता विचार करावा लागत नाही. नुसतं कळतंय.

अडीच वाजता काम संपलं. पाहुण्यांचे तळहात मांड्यांकडे वळले होते. बोटं काचेपासून चांगली चार बोटं लांब होती. 'उ' लिहिलेली चिठ्ठी हातातच फाटली. 'डा'ची चिठ्ठी मात्र तारेच्या पिळात अडकली होती, ती पंजाबरोबरच दुसऱ्या मनगटाकडे गेली. सकाळी ब्लेडनं कापू, असं तिनं ठरवलं. मग तिनं टेबलावर डोकं टेकवलं. फ्रिज दोनदा सुरू झाला, दोनदा बंद पडला. खोलीत काहीही वाजलं नाही.

सकाळी पहारेकऱ्याच्या हाकेनं तिला जाग आली, तेव्हा आठ वाजून गेले होते. तोंड धुवून टेबलं पुसेपर्यंत परीक्षक बाई आल्यासुद्धा. चिठ्ठी तशीच राहिली.

परीक्षक बाई बारीक, चष्मा नाकाच्या टोकाला, आणि बोलणं मोजकं. मॅडम बाजूला खुर्चीवर बसल्या होत्या आणि मावशीपेक्षा त्याच जास्त घाबरलेल्या दिसत होत्या. पहिले पाच-सहा प्रश्न सरळ गेले. मग बाईंनी हृदयाच्या तक्त्यावर पट्टी ठेवली आणि हे कुठलं निलय, असं विचारलं. पट्टी उजव्या बाजूला होती. मावशी म्हणाली, डावं. बाईंनी वर पाहिलं आणि पुढे विचारलं की तुमच्या समोर तर ते उजवीकडे आहे. मावशी म्हणाली, त्याचं डावं, आपलं उजवं. मॅडमनी खुर्चीत श्वास सोडलेला ऐकू आला.

शेवटी बाई पाहुण्यांकडे वळल्या. कपाट उघडायला सांगितलं. मावशीनं सगळी हाडं दाखवली, पंजातली सत्तावीसही, न अडखळता. आता संपलं असं वाटत असताना बाई वाकल्या आणि पाहुण्यांचं उजवं मनगट दोन बोटांत धरलं.

"इथे 'डा' का लिहिलंय?"

मावशीला ब्लेड आठवलं. बाईंनी पुढे विचारलं नाही, पण पुढचा प्रश्न त्यांच्या कपाळावरच्या आठीत दिसत होता. ज्या बाईला डावं-उजवं कळत नाही तिच्या हाती सांगाडा द्यायचा कसा? मॅडम उठून उभ्या राहिल्या होत्या. आणि मावशीला समोर एक सरळ, सोपा रस्ता दिसला. दोष दिला तरी ज्याला आता काही फरक पडणार नव्हता असं एक माणूस होतं.

"ते आमचे जुने सहायक होते ना," ती म्हणाली, "दादा, त्यांनी बांध..."

टक्.

काचेवर वाजलं होतं, बाजूच्या, खाली, हाताच्या उंचीला. परीक्षक बाईंनी खिडकीकडे पाहिलं. मॅडमनी आपल्या बांगडीकडे पाहिलं. मावशीनं कुठेच पाहिलं नाही. पाहुण्यांची बोटं काचेपासून चार बोटं लांब होती, ती तिनंच रात्री लांब केली होती.

तिनं ते वाक्य तिथेच सोडलं. मग नव्यानं बोलली.

"नाही. मी बांधली. अकरा वर्षांपूर्वी. मी समोरून चिठ्ठी बांधली आणि मागून हात जोडले, म्हणून उलटे लागले. काल रात्री मला कळलं. रात्रीच बदलले. चिठ्ठी काढायची राहिली."

मावशी कान लावून होती, बाईंकडे नाही, काचेकडे. तिथून काही आवाज आला नाही. मग परीक्षक बाईंनी आपला चष्मा वर सरकवला, चिठ्ठीकडे पुन्हा पाहिलं, आणि समोरून आणि मागून म्हणजे नेमकं कसं ते उभं राहून दाखवायला सांगितलं. मावशीनं दाखवलं. बाई स्वतः एकदा समोर आणि एकदा मागे जाऊन उभ्या राहिल्या. परत येऊन त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि म्हणाल्या की बरोबर जोडलेले हात मी रोज पाहते, पण चुकलेले शोधून काढणारं माणूस आज पहिल्यांदा पाहिलं.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. मावशी पास झाली होती. नवऱ्यानं टीव्ही बंद करून ते पत्र दोनदा वाचलं आणि कोणाला काही न सांगता तिच्यासाठी एक पाटी रंगवायला घेतली, 'सहायक' अशी, निळ्या अक्षरात. प्रयोगशाळेच्या दारावर ती आजही आहे.

ज्या दिवशी पाटी लागली, त्या संध्याकाळी सगळे गेल्यावर मावशी मागे राहिली. फ्रिज त्याच आठवड्यात दुरुस्तीला गेला होता आणि त्याच्या जागी फरशीवर नुसता धुळीचा चौकोन होता. पंखे बंद, खिडक्या बंद. तिनं बरण्यांवरून एक नजर फिरवली, सगळी तोंडं दाराकडे आहेत ना ते पाहिलं आणि पाहुण्यांच्या कपाटासमोर येऊन उभी राहिली. त्या परीक्षेनंतर तो आवाज पुन्हा आला नव्हता. सगळं काम बरोबर होत होतं. आधी तिला त्याचं बरं वाटलं होतं. मग एकेक दिवस ती शांतता तिला खायला उठू लागली.

ती घसा साफ करून, शाळेतल्या मुलीसारखी हात सोडून उभी राहिली आणि स्पष्ट म्हणाली, "माणसाच्या एका पंजात सव्वीस हाडं असतात."

आणि वाट पाहत राहिली. खोली अंधारत चालली होती. पाहुणे हलले नाहीत. कुठे काही हललं नाही. किल्ल्यांचा जुडगा तिच्या मुठीत घामानं ओला झाला होता.

टक्.

मावशीनं डोळे पुसले.

"सत्तावीस, दादा," ती म्हणाली. "ठाऊक आहे मला."